बिनलेसचा बूट: नंबर नंतर, आधी पाय

लेस नाही, चेन नाही, पाय वरून सरळ आत सरकवायचा आणि नळी पोटरीपर्यंत, असा चामडी बूट तुम्हाला घ्यायचा असेल तर दुकानात शिरण्याआधी एवढं ठरवा: तो कशासाठी हवा आहे? बारामती-इंदापूर पट्ट्यात हा बूट मागणारी माणसं तीन प्रकारची. बारामती एमआयडीसीत वेल्डिंगवर, फोर्जिंगवर, मशीनशॉपमध्ये उभी राहणारी. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडीच्या साखर कारखान्यांत बॉयलरवर किंवा मिलवर हंगाम काढणारी. आणि पुणे-सोलापूर महामार्गावर बुलेट चालवणारी पोरं, ज्यांना वर-खाली दोन बक्कलांचा ‘इंजिनीअर बूट’ हवा असतो. तिघांचे बूट लांबून सारखेच दिसतात. किंमत, नियम आणि पायावर बसायची रीत मात्र तिन्हींची वेगळी.

चौथं गिऱ्हाईक म्हणजे उसात दारं धरणारा शेतकरी. तुम्ही त्यातले असाल तर चामड्याच्या वाटेला जाऊच नका. रोजच्या चिखलपाण्यात चामडं कडक होतं, शिवण उसवते. तुम्हाला गमबूट लागतो. रबरी असेल तर त्यावर आयएस ५५५७ आणि पीव्हीसीचा असेल तर आयएस १२२५४ हे मानक छापलेलं आहे का ते पाहा. तीनशे ते सहाशे रुपयांत तुमचं काम होतं.

चामडं सैल पडतं, आवळत नाही

लेसच्या बुटात माप थोडं चुकलं तरी निभावतं, लेस ओढली की झालं. इथे ओढायला काहीच नाही. बुटाच्या बाजूचं बक्कलही बहुतेक शोभेचंच असतं. फार तर चढावरचा पट्टा एखादं भोक घट्ट होतो. पाय धरून ठेवायचं सगळं काम पावलाच्या चढावर, म्हणजे घोट्यापुढे जिथे आपण लेस बांधतो त्या उंचवट्यावर होतं. तिथे बूट नीट बसला नाही तर टाच प्रत्येक पावलाला वर उचलली जाते.

माझा पहिला असा बूट मी खेळाच्या बुटाच्या नंबरावर घेतला, ९ नंबर. दुकानात पाय सहज आत गेला म्हणून खूश झालो. सहज जाणं हीच खरी धोक्याची खूण होती, ते तेव्हा कळलं नाही. टाच हलतेय म्हटल्यावर विक्रेता म्हणाला, “चामडं आहे, वापरा, बसेल.” दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही टाचांना पाण्याचे फोड आले होते. बिलाच्या तळाशी ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का होता, पण तो वाचायची तसदी मी घेतलीच नव्हती. चार दिवसांनी बूट कोपऱ्यात गेला. ते पैसे गेले ते गेलेच. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सांगतोय. ‘बसेल’ हा शब्द घट्ट बुटाबद्दल कधीकधी खरा ठरतो, सैल बुटाबद्दल कधीच नाही.

पुढचा बूट घेण्याआधी रस्त्याकडेच्या पत्र्याच्या स्टॉलवर बसणाऱ्या एका गटई कामगाराकडे गेलो. मी नंबर सांगायला लागलो तर म्हणाला, “नंबर राहू द्या दादा, पाय दाखवा.” वर्तमानपत्राचा कागद जमिनीवर पसरला, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायला सांगितलं आणि पेन्सिल उभी धरून पायाभोवती फिरवली. पेन्सिल तिरकी झाली की माप चुकतं, हे तो बोलता बोलता सांगत होता. मग आकडे पुसट झालेली टेप चवड्याभोवती, चढाभोवती, आणि शेवटी टाचेच्या खालच्या कडेपासून तिरकी वर घोट्याच्या वळणापर्यंत. हे शेवटचं माप सहसा दुकानात घेत नाहीत, आणि बिनलेसच्या बुटात पाय आत शिरणार की अडकणार हे तेच माप ठरवतं. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा चार मिलिमीटर लांब निघाला. इतकी वर्षं मला पत्ताच नव्हता.

हे माप तुम्हाला घरीही घेता येतं. संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजलेला असतो. जो मोजा घालून बूट वापरणार तोच मोजा घाला. पाच आकडे लिहून मोबाईलमध्ये ठेवा: लांबी, चवड्याचा घेर, चढाचा घेर, टाच ते वळण हा तिरका घेर, आणि पॅन्टसकट पोटरीचा घेर. दोन्ही पायांचे घ्या, मोठा आकडा धरा.

नंबराचा हिशोब थोडक्यात. आपल्याकडचा ६-७-८-९ हा यूके नंबर आहे. एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. ८ नंबरचा साचा (फर्मा) ११ इंचांचा, म्हणजे सुमारे २७.९ सेंटिमीटर असतो. त्यातून बोटांपुढची दीड सेंटिमीटर मोकळीक काढा, २६.४ सेंटिमीटर लांबीचा पाय उरतो. तुमची लांबी याच्या जवळ असेल तर शोध ८ पासून सुरू करा. अमेरिकी नंबर पुरुषांच्या बुटात साधारण एकाने जास्त असतो. तोच बूट तिथे ९ म्हणून विकला जातो. ऑनलाइन घेताना सर्वात जास्त फसगत याच एका आकड्यात होते.

आता रुंदी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर लाखाच्या वर लोकांच्या पायांची मापं घेतली. भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेच्या मापापेक्षा रुंद असल्याचं त्यातून पुढे आलं. आपल्या भागात ज्यांचं अर्धं आयुष्य चपलेत किंवा अनवाणी रानात गेलं त्यांचा चवडा तर पसरलेलाच असतो. दुकानात मात्र रुंदीची एकच जात मिळते. मग लोक काय करतात? रुंदीसाठी एक नंबर मोठा घेतात. चवड्याला जागा मिळते, टाच सैल होते, फोड येतात. ही वाट धरू नका. रुंद फर्म्यावर बनवलेला बूट मागा, नाहीतर दुसरी कंपनी बघा.

दुकानात ही दहा मिनिटं द्या

दोन्ही बूट घाला, एक नव्हे. नळीच्या वरच्या कडेच्या पट्ट्या धरून ओढा. टाच वळणातून खाली जाताना थोडा अडथळा व्हायला हवा आणि मग ती ‘टप्’ करून जागेवर बसायला हवी. अडथळा जाणवलाच नाही तर बूट सैल आहे. दोघांनी ओढूनही आत जात नसेल तर घट्ट. हट्टाने घेतलात तर पाळी संपल्यावर सुजलेला पाय बाहेर येणार नाही.

उभे राहा. पायाचा सर्वात रुंद भाग बुटाच्या सर्वात रुंद भागात आला पाहिजे. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. चढावर घट्ट हात ठेवल्यासारखा दाब हवा, मुंग्या मात्र येता कामा नयेत. चाला. नव्या बुटात टाच अर्धा सेंटिमीटर उचलली तर चालेल, तळ वाकायला लागला की ते कमी होतं. बोट शिरेल इतकी उचलत असेल तर बूट बाजूला ठेवा. जिना चढून उतरा. उतरताना बोटं पुढे आपटत असतील तर चढावरची पकड कमी आहे.

आता उकिडवे बसा. लाज वाटू देऊ नका. आपल्याकडे अर्धं काम उकिडवं बसूनच होतं. बोटांवर लोखंडी टोपी असलेला बूट असेल तर तिची मागची कड नेमकी याच वेळी बोटांच्या सांध्यावर रुतते. उभं असताना हे कळत नाही. चामडं सैल पडेल, लोखंडी टोपी एक केसभरही पडणार नाही. ती रुतली तर तो बूट तुमचा नव्हे.

महिला कामगारांसाठी खास सूचना: जोडवी घालत असाल तर ती घालूनच बूट पाहा. टोपीच्या बुटात जोडवं आणि शेजारचं बोट यांच्यात आठ तास दाब राहिला तर जखम होते. शिवाय पुरुषांच्या फर्म्यावरचा लहान नंबर महिलांना टाचेत सैल पडतो. दुकानदार ‘५ नंबर आहे ना’ म्हणेल, तुम्ही टाच पाहा.

बुलेटवाल्यांनी गाडीवर बसून पाहावं. गिअरच्या खाली बुटाचं टोक शिरतं का? नळी कडक असेल तर घोटा वाकतो का, मागचा ब्रेक न बघता लागतो का? दुकानदार बाहेर जाऊ देत नसेल तर स्टुलावर बसून घोटा वर-खाली करा. आणि बारामतीचा एप्रिल-मे लक्षात ठेवा. दहा-अकरा इंची नळीत चाळीस अंशांच्या उन्हात पाय घामाने भिजतो. रोज वापरणार असाल तर आठ इंची पुरे.

किती पडेल

सध्याचे साधारण दर असे आहेत. लेसचा आयएसआय सेफ्टी शू ६०० ते १,५०० रुपये. बिनलेसचा उंच सेफ्टी बूट १,५०० ते ३,५००. आग्रा-कानपूरकडचा तयार बक्कलवाला चामडी बूट ३,५०० ते ८,०००. मापावर बनवून घेतलेला ८,००० पासून १५,००० पर्यंत, कधी त्याहूनही वर, आणि थांबायचं चार ते आठ आठवडे. अमेरिकी नावाजलेल्या कंपन्यांचा अस्सल इंजिनीअर बूट तिकडेच ४०० डॉलरपासून पुढे सुरू होतो. त्यावर आयात शुल्क, आयजीएसटी आणि कुरिअर कंपनीचा हाताळणी आकार. मागवण्याआधी हा सगळा आकडा कुरिअरकडून लेखी घ्या. माप चुकलं आणि बूट परत पाठवला तर भरलेलं शुल्क सहजासहजी परत येत नाही. पायाचं माप पक्कं ठाऊक नसताना परदेशातून बिनलेसचा बूट मागवू नका, असंच मी म्हणेन.

छुपा खर्च जीएसटीपासून सुरू होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडीला २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. २,५०० चा बूट करासह २,६२५ ला पडतो. मूळ किंमत २,६०० झाली की तोच ३,०६८ ला. मूळ किमतीत शंभर वाढले, खिशातून ४४३ गेले. २,५०० च्या थोडा वर असलेला बूट पसंत पडला तर घासाघीस इथेच करा, दुकानदारालाही हे गणित कळतं. छापील एमआरपीत कर धरलेला असतो. एमआरपीवर वेगळा जीएसटी मागितला तर देऊ नका. ‘बिल नको असेल तर दोनशे कमी करतो’ हे ऐकलंत तर ते दोनशे रुपये सोडून द्या. बिलाशिवाय तक्रारीत तुमचा हात रिकामा राहतो.

दुसरा छुपा खर्च तळाचा. बहुतेक सेफ्टी बुटांचा तळ पीयूचा (पॉलियुरेथेनचा), साच्यात ओतून चामड्याला चिकटवलेला असतो. तो झिजला की बूट संपला, सोल बदलता येत नाही. शिवाय पीयू नुसता पडून राहिला तरी दमट हवेत काही वर्षांनी भुगा होतो. म्हणून खोक्यावरचा उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा. सेलमधला अर्ध्या किमतीचा बूट चार वर्षांपूर्वीचा असेल तर तो स्वस्त नाही. तळ शिवलेला, पट्टीचा, म्हणजे वेल्टचा असेल तर बूट महाग पडतो, पण सोल एक-दोनदा बदलून घेता येतो. विक्रेता ‘सोल बदलून मिळेल’ म्हणाला तर कुठे आणि कितीला, हे विचारा.

किरकोळ खर्च: जाड सुती मोजे, आतला तळवा, मेण किंवा पॉलिश. चारपाचशे रुपये धरा. बूट किंचित सैल असेल तर जाड तळवा घालून चढ भरून काढता येतो, दीड-दोनशेत काम होतं. किंचित घट्ट असेल तर गटई कामगार फर्मा घालून चवडा सैल करून देतो. पाण्यात भिजवून सैल करायच्या भानगडीत पडू नका. लांबी मात्र कोणीही वाढवून देऊ शकत नाही.

कंपनीकडून मिळतो तो बूट

कारखान्यात काम करत असाल तर मुळात सेफ्टी बूट तुम्ही विकत घ्यायचाच नसतो. कामाच्या ठिकाणी सुरक्षेसाठी दिलेल्या वस्तूचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत, असं व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० सांगते. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. ठेकेदार पगारातून ‘बूट कपात’ करत असेल किंवा अनामत धरत असेल तर पगाराची पावती जपून ठेवा आणि आधी कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, अर्जाची पोच घ्या. कंत्राटी असलात तरी.

चुकीच्या नंबराचा बूट दिला तर ‘पुढच्या लॉटला बघू’ वर गप्प बसू नका. तुमचे पाच आकडे कागदावर लिहून द्या. सैल बूट घालून जिन्यावरून पडलात तर त्याचं कारण कोणी विचारणार नाही.

स्वतः घेत असाल तर बुटावर आयएसआय चिन्ह, आयएस १५२९८ भाग २ आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहा. मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ ॲप घ्या, क्रमांक टाका. कंपनीचं नाव जुळलं नाही तर बूट ठेवून बाहेर पडा. या मानकात टोपीला २०० जूलचा आघात सोसावा लागतो. खिळे-पत्र्याच्या कामात असाल तर तळातून काही आत घुसू नये यासाठी एस१पी किंवा एस३ खूण मागा. वेल्डिंगवाल्यांनी पॅन्ट बुटात खोचू नये, नळीवरून खाली सोडावी, नाहीतर ठिणगी सरळ आत उतरते.

कुठे घ्यायचा? सेफ्टी बुटासाठी आधी बारामतीतच पाहा. भिगवण रोडला आणि एमआयडीसीच्या बाजूला औद्योगिक साहित्य विकणाऱ्या दुकानांत चौकशी करा, फोन करून नंबर आणि रुंदी विचारूनच निघा. इंदापूरकरांना बारामती पन्नासेक किलोमीटर, पुणे सुमारे १४०. एका बुटासाठी पुण्याला जायचं तर पेट्रोल, टोल आणि मोडलेला दिवस किमतीत धरा. बक्कलवाल्या बुटासाठी मात्र पुणं गाठावंच लागेल. कॅम्पात आणि लक्ष्मी रोडला चामडी बूट, नाना पेठेत गाडीच्या सामानासोबत रायडिंगचे. शनिवार-रविवार टाळा, गर्दीत कोणी उकिडवं बसू देत नाही.

ऑनलाइन घेत असाल तर आधी आपला पिनकोड, बारामती ४१३१०२ किंवा इंदापूर ४१३१०६, टाकून परत न्यायला माणूस येतो का ते पाहा. ‘रिटर्न’ आणि ‘फक्त एक्स्चेंज’ यांत फरक आहे, तोही वाचा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. पहिले दोन दिवस बूट सतरंजीवरच घालून फिरा. तळाला माती लागली की परती बंद.

बिल, शिक्का आणि १९१५

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही तसंच. ‘माल परत नाही’ या शिक्क्याने तुमचा हा हक्क जात नाही. पण नंबर न बसणं म्हणजे दोष नव्हे. शिवण उसवली, तळ सुटला, टोपी वाकडी निघाली, हे दोष. म्हणून पैसे देण्याआधी बिलावर हाताने लिहून घ्या: ‘न वापरल्यास ७ दिवसांत नंबर बदलून देऊ’, खाली सही. चांगला दुकानदार एका मिनिटात लिहून देतो. जो लिहून देत नाही त्याच्याकडून बिनलेसचा बूट घेऊ नका.

वाद झालाच तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोन फुकट. बिलाचा, खोक्यावरच्या लेबलचा आणि दोषाचा फोटो हाताशी ठेवा. तिथे मिटलं नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते, वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. कायद्याने तीन महिन्यांत, मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चला.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात रोज दोनच तास घाला, टाचेला आधीच चिकटपट्टी लावा. भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. चुलीजवळ, बॉयलरच्या पाइपावर किंवा भर उन्हात ठेवलात तर चामडं तडकतं. बूट काढताना एका पायाने दुसऱ्याची टाच दाबायची सवय लागू देऊ नका, मागची शिवण तिथेच उसवते. त्याऐवजी ओळखीच्या सुताराकडून एक फळी करून घ्या: दीड फूट लांब, एका टोकाला टाच अडकेल अशी अर्धगोल खाच, खाली दोन इंचांचा ठोकळा. एक पाय फळीवर, दुसऱ्याची टाच खाचेत, आणि ओढा. शंभर-दीडशे रुपयांत होते.